मुदत संपलेला आवाज

हेमलता टोणपेच्या आवाजाचं पेटंट सोमवारी संपलं, आणि त्या दिवसापासून तिचा आवाज सगळ्यांचा झाला.

यात कुणी कुणावर अन्याय केला असं मुळीच नाही. पेटंट वीस वर्षांचं असतं. वीस वर्षं झाली, संपलं. विद्यापीठाच्या पेटंट कक्षाचे मोहरीर साहेब तर इतके रीतीचे, की त्यांनी आठवडाभर आधीच हेमलताला कक्षात बोलावून घेतलं, बसवलं, चहा मागवला आणि मगच विषय काढला. माणूस मिशाळ, पोटानं सुटलेला, पण बोलायला अगदी मऊ.

"टोणपेबाई, सोमवारपासून तुमचा आवाज कुणालाही वापरता येईल."

"कुणालाही म्हणजे?"

"कुणालाही म्हणजे कुणालाही. बाई, माणूस, लहान, थोर. आता त्याला आमची परवानगी लागणार नाही."

"आणि माझी?"

मोहरीर साहेबांनी कप बशीत ठेवला. "तुमची कधीच लागत नव्हती, बाई. इतकी वर्षं तुम्हीसुद्धा आमच्या परवानगीनंच बोलत होतात की."

हे खरंच होतं, त्यामुळे हेमलतानं उरलेला चहा पिऊन टाकला आणि ती उठली.

त्याचं असं झालं होतं. तिशीही गाठली नव्हती तेव्हा हेमलताच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी गाठ काढली, तिच्याबरोबर आवाजही गेला. बाई मुकी झाली. त्या वेळी अंबरखेड विद्यापीठात डॉ. विश्वंभर केसकर म्हणून रसायनाचे प्राध्यापक होते. त्यांनी चिंचोक्याच्या पिठातून एक चिकट रस काढला होता. हा रस घशात सोडला की तिथंच धरायचा, त्याचा पातळ पापुद्रा व्हायचा आणि त्यातून आवाज निघायचा. हेमलता त्यांची पहिली पेशंट. तिला आवाज आला. खालच्या पट्टीतला, गोड, वाक्याच्या शेवटी किंचित लांबणारा. विद्यापीठानं लगेच पेटंट घेतलं.

पण कुठल्या कंपनीनं तो शोध उचलला नाही. आणि पेटंट घेतलेली वस्तू वापरात आहे हे सरकारला वरचेवर दाखवावं लागतं, नाहीतर सरकार विचारतं, मग घेतलंत कशाला? म्हणून विद्यापीठानं हेमलताला टेलिफोनच्या खोलीत बसवलं. "नमस्कार, अंबरखेड विद्यापीठ. कोणता विभाग हवाय?" एवढं ती दिवसभर म्हणायची. अशा रीतीनं तिचा आवाज वापरात राहिला, तिचं लग्न राहून गेलं, आणि घरी ती आणि तिची आई अशा दोघीच उरल्या.

आईचं नाव अनुसयाबाई. साखरेनं आधी त्यांचे डोळे गेले, मग हातापायांची बोटं बधिर झाली. भाकरीचा तुकडा हातात आहे की पडला हेही कळेना. त्यांना जग उरलं होतं ते कानांत. मुलीचा आवाज आला की त्या म्हणायच्या, "आलीस का बाई," आणि जीव भांड्यात पडायचा. तीन वेळा इन्सुलिनची सुई लागायची, ती त्या फक्त हेमलताच्या हातून घेत. दवाखान्यातल्या नर्सनासुद्धा त्यांनी दंड दिला नव्हता. अंधारात कोण कुठून सुई खुपसेल याची त्यांना मरणाची भीती वाटे, आणि हेमलताचा आवाज कानाशी असला की ती वाटत नसे. हेमलता सकाळी सुई देऊन कामावर जाई, दुपारी सायकल मारत घरी येई, सुई देई आणि परत जाई. इतक्या वर्षांत यात खंड पडला नव्हता.

सोमवारी सकाळी मेडिकलच्या दुकानांत चिंचोक्याची गोळी आली. कृती पेटंटातच सविस्तर छापलेली असते, तेव्हा त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. गोळी जिभेखाली धरायची, ती विरघळली की दुसऱ्या दिवसापर्यंत माणूस हेमलताच्या आवाजात बोलायचा. खोकल्याच्या गोळ्यांशेजारीच ठेवली होती.

पहिला बोलला तो दूधवाला. "दूध!" अशी हाक दारातून आली, आणि हेमलताला वाटलं आपणच ओरडलो. तिनं तोंडावर हात ठेवून पाहिला. दारात गजानन गवळी किटली घेऊन उभा होता, चार दिवसांची दाढी वाढलेली.

"चालेल ना ताई?" तो तिच्याच आवाजात म्हणाला. "नाही म्हणजे, विचारलेलं बरं."

"चालेल की," हेमलता म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

पहिल्या दोन-तीन दिवसांत लोक असं विचारत होते. नंतर कुणी विचारेना. लोकांचंही बरोबर होतं म्हणा. सगळ्या गावानं वीस वर्षं हा आवाज फोनवर ऐकला होता. कुणाचा निकाल त्यानं कळवला होता, कुणाची नोकरी. त्या आवाजावर गावाचा विश्वास होता. कचेरीत त्या आवाजात विचारलं की साहेब मान वर करून बघायचे. बँकेत काम व्हायचं. भांडणसुद्धा त्या आवाजात केलं की लवकर मिटायचं. भाजीबाजारात हेमलता एकदा गेली, तर भाव सांगणारी ती, भाव पाडणारी ती, "सडकी घालू नका हो" म्हणणारी ती आणि पलीकडे नवऱ्याला झापणारीही तीच. तिनं पाव किलो गवार मागितली तर भाजीवालीनं वरसुद्धा पाहिलं नाही, कारण ते कुणीही मागितलं असतं. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. गवार न घेताच ती परतली.

टेलिफोनच्या खोलीत तर आणखी निराळं. ती "नमस्कार" म्हणायची आणि पलीकडून तिचाच आवाज "नमस्कार" म्हणायचा. परीक्षा विभाग हवाय, म्हणायचा. ती जोडून द्यायची, तर परीक्षा विभागातूनही तीच बोलायची. दिवसभर तिनं स्वतःला स्वतःशी जोडून दिलं आणि संध्याकाळी तिला वाटलं की आज आपण कुणाशी बोललोच नाही.

घरी द्रोपदाबाई होती. आईला सांभाळायला, स्वयंपाकाला ठेवलेली. विधवा, कामाला वाघ, मनानं मऊ. तिनं गोळी घ्यायला सगळ्यांत उशीर लावला, आणि घेण्याआधी नीट विचारलं.

"ताई, तुम्ही उन्हातान्हाचं सायकल मारत येता, मला बघवंना. म्या ती गोळी घेते अन् दुपारची सुई देते. आजीला कळायचंबी नाही. तुम्ही नको म्हणलात तर नाही घेत."

हेमलताचे गुडघे खरोखरच दुखत होते. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "घे बाई. पण तिला आजी म्हणू नकोस, आई म्हण. नाहीतर ओळखेल."

दुसऱ्या दिवशी दुपारची सुई द्रोपदाबाईनं दिली. आईनं दंड पुढं केला, सुई टोचून घेतली, वर म्हणाली, "आज लवकर आलीस गं." हेमलताला हे संध्याकाळी कळलं तेव्हा तिला हायसं वाटलं. खोटं कशाला सांगा, थोडं वाईटही वाटलं. पण गुडघ्यांना आराम होता.

मग लोक यायला लागले.

हे कसं सुरू झालं ते कुणी सांगू शकणार नाही. ज्यांची आई गेलेली असते अशी माणसं गावात पुष्कळ असतात. हेमलताच्या आवाजात "आई" म्हटलं की टोणपे यांच्या घरातली म्हातारी "आलीस का बाई" म्हणते, जवळ बसवते, डोक्यावरून हात फिरवते, हे कसं कोण जाणे, त्यांच्यापर्यंत पोचलं. ती माणसं दुपारच्या वेळी येत. गोंगाट करत नसत. चपला दाराबाहेर ओळीनं काढून ठेवत, एकानंतर एक आत जात, खाटेवर बसत, "आई" म्हणत, आणि थोड्या वेळानं डोळे पुसत बाहेर येत. गॅसच्या टाकीवाल्याला आईनं लाडू दिला. पोस्टात काम करणाऱ्या एका बाईच्या केसांना तेल लावून दिलं. द्रोपदाबाईला कुणाला हाकलावंसं वाटेना. हाकलणार तरी कशी? तेही तिच्यासारखंच बोलत होते.

एके दिवशी हेमलता संध्याकाळी घरी आली तर दाराशी मोठे काळे बूट. आत खाटेवर मोहरीर साहेब. आईच्या मांडीवर डोकं ठेवून आडवे झालेले, आणि आई त्यांच्या टकलावरून हात फिरवत होती. बोटं बधिर, तिला काय कळतंय टक्कल की केस.

साहेब धडपडत उठले. "बाई, मुदत संपलेली आहे," ते म्हणाले. तिच्याच आवाजात म्हणाले, त्यामुळे ते ऐकून हेमलताला घाम फुटला.

"कोण आलंय गं हेमा?" आईनं विचारलं. कुणाला विचारलं ते कळायला मार्ग नव्हता.

"कुणी नाही, आई," साहेब आणि हेमलता एकदमच म्हणाले. साहेब बूट हातात घेऊनच बाहेर पडले.

हेमलतानं हात धुतले, सुई भरली, कापसाचा बोळा घेतला. "आई, दंड दे."

"पुन्हा? मघाशीच दिलीस की."

"मी आत्ताच आले."

"आत्ता? मघापासून माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होतीस. मी विचारलं, संध्याकाळची सुई दिलीस का गं, तर हो म्हणालीस."

हेमलता तशीच अनवाणी बाहेर धावली. साहेब गल्लीच्या तोंडाशी बूट घालत होते.

"साहेब, सुई तुम्ही दिलीत?"

"छे, छे! मला कुठं येतंय सुई द्यायला."

"मग हो का म्हणालात?"

"त्यांनी विचारलं ना," मोहरीर साहेब म्हणाले. त्यांचे डोळे अजून ओले होते. "मी नाही म्हणालो असतो तर त्या उठल्या असत्या, बाई. मला अजून थोडा वेळ पडायचं होतं."

हेमलता परत आली. साखर तपासायचं यंत्र होतं घरात, त्यावर आकडा भलताच चढलेला दिसला. पण आई दंड द्यायला तयार होईना. हात पोटाशी घट्ट धरून बसली.

"तू म्हणतेस तू हेमा. मघाची पण म्हणत होती की ती हेमा. मी कुणाला दंड देऊ?"

हेमलता खाली फरशीवर बसली आणि रडली. तिला इतकी भीती आयुष्यात वाटली नव्हती. मुकी झाली होती तेव्हासुद्धा नाही. आपल्या आईला आपण ओळखू येत नाही, आणि आज ना उद्या ती ह्याच्यापायी मरणार. शेवटी द्रोपदाबाई तिच्या घरून बोलावून आणली, दोघींनी मिळून समजूत काढली, तेव्हा कुठं सुई टोचली गेली.

मग तिनं आईशी एक खुणेचा शब्द ठरवला. पेरू. "आई, जी 'पेरू' म्हणेल तिलाच दंड द्यायचा." आईलाही ते पसंत पडलं. दुसऱ्या दिवशी गजानन गवळी दुपारचा येऊन बसला, तर आई आपणहून त्याला म्हणाली, "विसरलीस का गं? पेरू म्हणायचं ठरलंय ना आपलं?" गजानन बिचारा "पेरू" म्हणाला. संध्याकाळपर्यंत सगळे जण दारातूनच "पेरू" म्हणत आत येऊ लागले.

तेव्हा हेमलता केसकर सरांकडे गेली.

सर निवृत्त झाले होते, पण विभागानं त्यांना एक खोली ठेवली होती. सर गोळी घेत नसत, त्यांचा आवाज त्यांचाच होता. चिरका आणि घाईचा. हेमलतानं सगळं सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पेटंटात जे जे आपलं म्हणून लिहिलं, ते सगळ्यांचं झालं," ते म्हणाले. "जे लिहिलं नाही, ते अजून तुमचं आहे. तेवढं वापरा."

"काय लिहिलं नाही, सर?"

सरांना या प्रश्नाचा जरा अभिमानच वाटला. "ते तसं अवघड आहे. मी काही सोडलं नव्हतं. स्वर लिहिला. हसणं, खोकणं, उसासा, हाक मारणं. शेवटी लांबवण्याची लकब वेगळी लिहिली. त्या वेळी विद्यापीठात इतका सर्वंकष दावा कुणी केला नव्हता."

"माझ्या लहानपणच्या गोष्टी सांगून बघेन म्हणते. मी विहिरीत पडले होते ते. मामाच्या लग्नात रुसून पत्रावळीवरून उठले ते. ते तर मलाच माहीत."

"ते आहे त्यात."

"काय?"

"परीक्षकांनी आक्षेप घेतला होता, शोधाचं वर्णन अपुरं आहे म्हणून. मग उदाहरणं जोडावी लागली. आम्ही तुम्हाला बोलायला लावलं होतं, आठवतं? आठवडेच्या आठवडे. तुम्ही विहिरीचं बोललात, मामाचं बोललात, वडील गेले त्या दिवसाचं बोललात. सगळं जोडलं आम्ही. उदाहरणं भरपूर झाली, अगदी हवी तशी."

"मी मुकी होते, सर," हेमलता म्हणाली. "आवाज आल्यावर काय बोलू नि काय नको असं झालं होतं मला. तुम्ही ऐकत होतात म्हणून बोलले."

"ऐकत होतोच की. म्हणून तर इतकं नेमकं उतरवलं."

"रडणं? माझं रडणंही लिहिलंत?"

"लिहिलं होतं. ते तेवढं नामंजूर झालं. त्यात नावीन्य नाही, असं परीक्षकांचं म्हणणं पडलं. रडणं आधीपासूनच सगळ्यांचं आहे."

खिडकीबाहेर विद्यार्थी चालले होते. गप्पा मारत होते, हसत होते, सगळे हेमलताच्या आवाजात. सरांनी उठून खिडकी लावून घेतली. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला, प्रयोग सुचला की उजळायचा तसा.

"बाई, नवा आवाज घेता का?"

विभागातल्या एका मुलीनं मेथ्यांपासून रस काढला होता. चिंचोक्यापेक्षा टिकाऊ. पेशंट मिळत नव्हता म्हणून अर्ज अडला होता. "नवं पेटंट," सर म्हणाले. "पुढची वीस वर्षं त्या आवाजात तुमच्याशिवाय कुणी बोलू शकणार नाही. बोललं तर विद्यापीठ त्याला कोर्टात खेचेल. तुमच्या आईला दुसरं काय हवंय? एकच माणूस, एकच आवाज."

"जुना परत घेता येईल?"

"नाही. चिंचोका धुऊन काढावा लागतो. आणि मेथ्यांवर चिंचोक्याची गोळी चालत नाही. नीट विचार करा."

हेमलतानं नीट विचार केला. तिला सगळं बरोबर वाटलं. गावात तीच एक वेगळी बोलेल. आईला एकदा सांगून ठेवलं की झालं. आई आंधळी होती, वेडी नव्हती.

सकाळी सुई देताना तिनं आईला सांगितलं. अगदी शब्द सुटे सुटे करून सांगितलं. "आई, आज माझा आवाज बदलणार. जरा जाड येईल, घोगरा येईल. तोच आवाज म्हणजे मी. हा आवाज म्हणजे मी नाही. हा आवाज ऐकलास तर दंड द्यायचा नाही."

"हा आवाज म्हणजे कुठला?"

"हाच. आत्ता बोलतेय तो."

आईनं मान हलवली. "बरं. आणि आत्ता कोण बोलतंय?"

"मीच बोलतेय, आई. शेवटचं."

"शेवटचं कशाला म्हणतेस गं," आई म्हणाली आणि तिचा चेहरा पडला. हेमलतानं तिचे हात हातात घेतले, पण ते आईला कळलं नसावं. कामाची वेळ झाली होती, ती उठली.

प्रयोगशाळेत फारसा त्रास झाला नाही. घसा धुतला, थोडं आंबट लागलं. मग मेथ्यांचा रस सोडला आणि तिला अर्धा दिवस गप्प बसवून ठेवलं. बोलायला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "नमस्कार, अंबरखेड विद्यापीठ." रुंद, घोगरा, वयस्क आवाज आला. ती दचकून मागं वळली, मागं कुणी नव्हतं. ज्या मुलीचा शोध होता तिनं टाळ्या वाजवल्या. "किती छान आहे, मॅडम!" हे ती हेमलताच्या जुन्या आवाजात म्हणाली. मोहरीर साहेब स्वतः अर्ज घेऊन हजर होते. त्यांनी तिचं अभिनंदन केलं आणि उद्यापासून टेलिफोनवर नवा आवाज वापरायला लागा, असं सांगितलं.

हेमलता घरी आली तेव्हा दिवे लागले होते. दाराशी एकही चप्पल नव्हती, तिला बरं वाटलं. आई खाटेवर भिंतीला टेकून बसली होती.

"आई."

आईनं मान वळवली. "कोण?"

"मी, हेमा. सकाळी सांगितलं होतं ना? आवाज बदलणार म्हणून?"

आईनं पदर सारखा केला, परकं माणूस आल्यावर करतात तसा. "हो, सांगितलं होतं खरं. इतकं रडू आलं मला. म्हटलं आता हेमा कुठली यायची. जेवण जाईना. मग दुपारी हेमा आली. म्हणाली, वेडी का तू आई, मी कशाला आवाज बदलू? माझा आवाज हा असा इथं तुझ्यापाशी आहे. तेव्हा कुठं दोन घास खाल्ले." तिनं खाटेजवळची जागा चाचपली. "बसा ना बाई. लांबून आलात का?"

"कोण आलंय गं आई?" स्वयंपाकघरातून हेमलताचा आवाज आला.

"बाई आल्यात कुणीतरी. चहा टाक गं हेमा."

हेमलता स्वयंपाकघरात गेली. द्रोपदाबाई ओट्याला पाठ लावून उभी होती, तोंडात पदराचा बोळा.

"ताई, म्या काय करू?" ती कुजबुजली. "जेवंनात. पाणी घेईनात. हेमा गेली, हेमा गेली, एवढंच. मला बघवलंच नाही. म्हणलं आजच्या दिवस समजूत घालावी. तुम्ही बोला ताई, माझ्या थोबाडीत मारा."

हेमलतानं तिला मारलं नाही. तिला मारावंसं वाटलं, आणि तिच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. "चहा ठेव," ती म्हणाली. "आईच्यात साखर घालू नकोस."

चहा झाला. आईनं पाहुण्या बाईंची चौकशी केली. कुठल्या, मुलंबाळं किती. हेमलतानं अंबरखेडचीच म्हणून सांगितलं, मुलं नाहीत म्हणून सांगितलं. "आमच्या हेमाला पण नाहीत," आई म्हणाली. "पण फार जीव लावते मला." मग तिनं आत हाक मारली. "हेमे, सुईची वेळ झाली ना गं?"

द्रोपदाबाई ताटलीत सुई आणि बोळा घेऊन आली, आणि खाटेशी येऊन उभी राहिली. हेमलतानं पुढं होऊन आईचा दंड धरला. "आई, मी देते."

आईनं हात हिसडून पोटाशी घेतला. "अहो, तुम्ही नको! तुम्ही कोण? हेमा, ह्यांना सांग गं, मला हात लावू नका म्हणावं. हेमा!"

"आहे गं, आई. मी इथंच आहे," द्रोपदाबाई म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाजात त्याचा मागमूस नव्हता. "घाबरू नकोस. हात सैल सोड."

आईनं हात सैल सोडला. द्रोपदाबाईनं सुई उचलली. तिचे हात इतके कापत होते की सुई दंडाच्या आसपास नुसतीच फिरत राहिली. हेमलतानं ती तिच्या बोटांतून काढून घेतली. तिनं द्रोपदाबाईकडे पाहून बोल म्हणून खूण केली. द्रोपदाबाई आईच्या कानाशी वाकली आणि बोलत राहिली, "झालंच हं आई, एवढंच, हललीस ना तर दुखेल," आणि हेमलतानं दंडाची कातडी चिमटीत धरून सुई दिली. वीस वर्षं देत होती तशीच दिली.

"झाली?" आईनं विचारलं.

"झाली, आई."

"कळलीसुद्धा नाही बघ. तुझ्यासारखा हात नाही कुणाचा." आई उशीवर टेकली. थोड्या वेळानं तिनं आवाज खाली आणला. "आणि हेमा, त्या बाई गेल्या का गं?"

द्रोपदाबाईनं हेमलताकडे पाहिलं. हेमलतानं आईच्या दंडावर बोळा दाबून धरला होता. तिनं होकारार्थी मान हलवली.

"हो आई," द्रोपदाबाई म्हणाली. "गेल्या."